डॉक्टर होऊन ‘असिस्टंट’?

प्रश्न : ताई, मी २०१४ साली महाराष्ट्रातल्या एका सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाले. बाँडचं वर्ष प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं, मग दोन वर्षं एका स्किनच्या डॉक्टरांकडे बसले. त्वचेची गोडी तिथंच लागली. लग्न करून न्यू जर्सीला आले, दोन मुलं झाली, गेल्या वर्षी ग्रीन कार्ड हातात पडलं. आता वय ३६. यूएसएमएलईची, म्हणजे इथं डॉक्टर व्हायला लागणाऱ्या परीक्षेची, पुस्तकं दोनदा उघडली, दोनदा मिटली. मागच्या आठवड्यात मुलाच्या पायावरची चामखीळ दाखवायला स्किन क्लिनिकमध्ये गेलो, तर डॉक्टर आलेच नाहीत. एक बाई आल्या, ‘मी पीए, फिजिशियन असिस्टंट’ म्हणाल्या आणि दहा मिनिटांत सगळं करून गेल्या. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. कुणी म्हणतं, एमबीबीएसवाल्यांना पीएची परीक्षा थेट देता येते. सासूबाई म्हणतात, ‘डॉक्टर होऊन असिस्टंट? मग कंपाउंडर काय वाईट!’ खरं सांगू, ते मलाही आतून टोचतं. काय करू? – स., एडिसन

उत्तर : स., तू मला ताई म्हटलंस, त्या हक्कानं मी सरळ ‘तू’ म्हणते. मी स्वतः बारा वर्षं इथं त्वचारोगाच्या क्लिनिकमध्ये पीए आहे, तेव्हा हे पत्र माझ्याकडे आलं ते बरंच झालं.

आधी सासूबाई, कारण तुझं सगळं पत्र त्यांच्या एका वाक्याभोवती फिरतंय. कंपाउंडर चिठ्ठी वाचून औषध देतो. पीए ती चिठ्ठी लिहिते. रोगी तपासणं, निदान करणं, रक्त-लघवी सांगणं, बायॉप्सी घेणं, टाके घालणं, औषध लिहून देणं ही सगळी पीएची कामं, आणि औषध लिहायचा अधिकार अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत आहे. बहुतेक राज्यांत कायद्यानं कुठल्या ना कुठल्या डॉक्टरशी बांधलेलं राहावं लागतं. त्या दोरीची लांबी मात्र राज्यागणिक आणि क्लिनिकगणिक बदलते. कुठं डॉक्टर शेजारच्या खोलीत असतात, कुठं दुसऱ्या गावात. या दोरीकडे मी पुन्हा येणार आहे.

नावाची गोष्टही त्यांना सांग. १९६५ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी हा अभ्यासक्रम सुरू केला. पहिल्या वर्गात चार जण होते, चौघेही नौदलात कोअरमन म्हणून काम केलेले. जखमी सैनिक हाताळलेले, पण मुलकी जगात त्या अनुभवाची किंमत शून्य, कारण हातात डिग्री नाही. दुसरीकडे डॉक्टर कमी पडत होते. या दोन गोष्टींची सांगड घालताना ‘असिस्टंट’ हा शब्द चिकटला तो आजतागायत. मे २०२१ मध्ये आमच्या राष्ट्रीय संघटनेनं ठराव करून तो ‘फिजिशियन असोसिएट’ केला. पण लायसन्सवर कोणतं नाव छापायचं हे प्रत्येक राज्याचा कायदा ठरवतो आणि बहुतेक ठिकाणी अजून जुनंच नाव आहे. मला विचारशील तर या नावाच्या भांडणात मला फार रस नाही. रोगी दोन्ही नावं विसरतो आणि ‘ती नर्स’ म्हणूनच आठवण ठेवतो.

आता तुझं स्वतःचं टोचणं. ते नावाचं नसावं असा माझा अंदाज आहे. तू एमबीबीएस आहेस. आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता विंचू चावलेला माणूस आला तर शेवटचा शब्द तुझा होता. पीए झालीस की शेवटचा शब्द दुसऱ्याचा. रोज नाही, दर रोग्याला नाही, पण अडलेल्या केसमध्ये कायम. वयाच्या पन्नासाव्या वर्षीही. माझ्याबरोबर शिकलेली, परदेशातून डॉक्टर होऊन आलेली एक मैत्रीण कामात आमच्यात सर्वांत हुशार होती, आणि दोन वर्षांत तिनं नोकरी सोडली. तिच्याहून आठ वर्षांनी लहान डॉक्टरनं रोग्यासमोर तिचं निदान बदललं की तिला रात्रभर झोप लागायची नाही. निदान बदलणारा बरोबर असायचा की चूक, हा प्रश्नच नव्हता. तुझं काय होईल ते मला सांगता येणार नाही, पण सासूबाईंच्या प्रश्नाऐवजी हा प्रश्न स्वतःला विचार.

थेट परीक्षेची बातमी खोटी आहे, तेवढं लगेच सांगून टाकते. पीएची राष्ट्रीय परीक्षा, म्हणजे पॅन्स, द्यायची तर मान्यताप्राप्त पीए प्रोग्रॅम इथंच पूर्ण करावा लागतो. एमबीबीएस असो, एमडी असो, तिकडे वीस वर्षं प्रॅक्टिस केलेली असो, सूट नाही. ‘तुमचे पेपर्स करून देतो’ म्हणणारा एजंट भेटला तर पर्स घट्ट धर.

प्रोग्रॅम बहुतेक ठिकाणी २७ महिन्यांच्या आसपासचा, मास्टर्स डिग्रीचा. त्याआधी कास्पा नावाच्या केंद्रीय पोर्टलवरून अर्ज. तुझ्या बाबतीत खरी कटकट या अर्जातच आहे. भारतातली मार्कशीट वेस नावाच्या संस्थेकडून विषयवार तपासून घ्यावी लागते. ते झालं तरी बरेच प्रोग्रॅम म्हणतात, ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स हे विषय अमेरिकन कॉलेजातूनच हवेत, आणि काही म्हणतात, गेल्या सात किंवा दहा वर्षांतलेच हवेत. तुझे त्याहून जुने. म्हणजे ज्या ॲनाटॉमीसाठी तू पहिल्या वर्षी रडलीस, ती बहुधा कम्युनिटी कॉलेजात अठरा-वीस वर्षांच्या पोरांच्या शेजारी बसून पुन्हा करावी लागेल. मला त्या वर्गात एका मुलानं ‘आँटी, नोट्स मिळतील का’ असं विचारलं होतं, चक्क मराठीत. सात-आठ प्रोग्रॅम निवड, प्रत्येकाला ईमेल टाक आणि उत्तर लेखी घे. ऐकीव माहितीवर एक सेमिस्टरची फी घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

रोग्यांबरोबर काम केल्याचे तासही लागतात. कुठं पाचशे, कुठं हजार, कुठं दोन हजार. तुझी भारतातल्या कामाची वर्षं काही जण धरतात, काही धरत नाहीत. त्याच्यावरचा माझा उपाय खाली सांगते.

खर्च? नुसती फी लाखभर डॉलरच्या घरात जाते, कुठं त्याच्याही वर, आणि शिकताना नोकरी जवळपास अशक्य. पहिलं वर्ष वर्गात, पाणी पिण्याच्या वेगानं पुस्तकं. दुसरं वर्ष रोटेशन्सचं, म्हणजे पाळीपाळीनं एकेका विभागात काम: फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, इमर्जन्सी, सर्जरी, लहान मुलं, स्त्रीरोग, मानसोपचार. मग पॅन्स, तीनशे प्रश्न, पाच तास. मग राज्याचं लायसन्स. पुढं दर दोन वर्षांनी शंभर तासांचं शिक्षण आणि दहा वर्षांच्या फेऱ्यात पुन्हा परीक्षा. पूर्वतयारी आणि अर्जाचं वर्ष धरलं तर तू चाळिशीत पहिल्या नोकरीला लागशील. पगार वाईट नाही. अमेरिकेच्या श्रम खात्याच्या आकड्यांप्रमाणे मे २०२३ मध्ये पीएंचा मध्यम पगार वर्षाला १,३०,०२० डॉलर होता. हा आकडा सगळ्या शाखांचा मिळून आहे. त्वचेत बऱ्याचदा केलेल्या कामाच्या वसुलीवर टक्केवारीही मिळते, आणि त्या टक्केवारीचं पुढं काय होतं तेही ऐक.

आता जे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते. या सगळ्या २७ महिन्यांत त्वचा कुणी फारशी शिकवत नाही! पॅन्समध्ये त्वचेचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के. इलेक्टिव्ह, म्हणजे आपण निवडलेल्या शाखेची पाळी, मिळाली तर चार-पाच आठवडे क्लिनिक बघायला मिळतं, नाही तर तेही नाही. त्वचारोगतज्ज्ञ मेडिकल कॉलेजनंतर एक वर्ष इंटर्नशिप आणि तीन वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे त्या शाखेचं प्रशिक्षण, करतो. पीएसाठी काही ठिकाणी वर्षभराच्या फेलोशिप आहेत, पण जागा अगदी थोड्या. बाकी आम्ही सगळ्याजणी नोकरीत, कुठल्या तरी डॉक्टरच्या हाताखाली शिकलो. म्हणजे तू कशी पीए होणार हे कॉलेजवर कमी आणि पहिल्या वर्षीच्या त्या एका माणसावर जास्त अवलंबून.

माझी पहिली नोकरी चुकली. क्लिनिकांची मोठी साखळी होती, पगार चांगला, जॉइनिंग बोनस वेगळा. दोन आठवडे ‘ट्रेनिंग’ झालं, तिसऱ्या आठवड्यापासून दिवसाला तीस रोगी माझ्या नावावर. डॉक्टर बुधवारी यायचे. उरलेल्या दिवशी मी, एक मेडिकल असिस्टंट आणि फोनवर काढलेले फोटो. तिथं एक सत्तरीचे आजोबा आले, नडगीवर नाण्याएवढा लालसर खवलेदार चट्टा घेऊन. मी इसब म्हटलं, स्टिरॉइडचं मलम दिलं. सहा आठवड्यांनी तसाच. मी मलम बदललं. तिसऱ्या खेपेला योगायोगानं बुधवार होता. डॉक्टरांनी डर्मोस्कोप, म्हणजे कातडी पाहायचं भिंग, टेकवला, पाच सेकंद पाहिलं आणि म्हणाले, बायॉप्सी घे. रिपोर्ट आला : बोवेन्स डिसीज, त्वचेच्या वरच्या थरातला कॅन्सर. वरच्याच थरात होता म्हणून उपचारानं निभावलं. इसब सहसा एकट्या चट्ट्यानं, एकाच पायावर, महिनोन्‌महिने जागा न सोडता बसत नाही, हे मी पुस्तकात वाचलेलंही होतं. पण दिवसाला तीस रोगी आणि टक्केवारीचा हिशोब डोक्यात असला की वाचलेलं आठवत नाही. सात महिन्यांनी मी ती नोकरी सोडली.

दुसऱ्या ठिकाणी पगार कमी होता. पहिले सहा आठवडे मला फक्त उभं राहून बघायचं होतं. मग मी रोगी आधी पाहायचा, बाहेर येऊन डॉक्टरबाईंना सांगायचा, मग आम्ही दोघी आत. त्यांचा एक नियम होता, रोगाचं नाव उच्चारायचं नाही. ‘सोरायसिस आहे’ म्हटलं की त्या तोंड फिरवायच्या. सपाट की उंचवटा? कड रेघेसारखी की विरत गेलेली? खवला चांदीसारखा की पिवळट, चिकट? कोपरावर आहे तर गुडघा पाहिलास का, डोकं पाहिलंस का, नखं? बेंबी? चार महिने मला नुसतं वर्णन करायला लावलं. एकदा रागानं मी म्हटलं, हे मला येतं. त्या म्हणाल्या, मग नखं का नाही पाहिलीस? नखांवर सुईनं टोचल्यासारखे खड्डे होते, सोरायसिसची खूण.

हातानं करायची कामंही अशीच शिकले. पंच बायॉप्सीच घे, म्हणजे गोल धारेच्या नळीनं कातडीचा तुकडा काढणं. रक्त थोपवणारं एपिनेफ्रिन मिसळलेलं लिडोकेन हे बधिर करायचं औषध टोचलं की कातडीवर फुगा येतो, मग हळूहळू ती पांढरी पडते. तोवर थांबायचं, नाही तर रक्तानं काही दिसत नाही. मी थांबायची नाही. त्या माझ्या हातातून पंच काढून घ्यायच्या आणि रोग्याला नातवंडांबद्दल विचारत बसायच्या. मग कातडी तिच्या नैसर्गिक रेषांच्या आडव्या दिशेनं ताणायची आणि चार मिलिमीटरचा पंच दोन बोटांत पेन्सिलीसारखा फिरवत आत न्यायचा. हात सोडला की गोल भोक आपोआप लांबट होतं आणि टाका रेषेत बसतो. तुकडा चिमट्यानं दाबायचा नाही, चिरडला तर स्लाइड वाचता येत नाही. अलगद उचलायचा आणि तळाशी कात्री. आणि बाटलीवरचं लेबल रोगी खोलीत असतानाच, त्याच्याकडून नाव-जन्मतारीख वदवून घेऊन. बाहेर जाऊन लावते म्हटलं की गडबड.

म्हणून नोकरी शोधताना पगाराआधी हे विचार : पहिले तीन महिने मी किती रोगी बघणार? डॉक्टर आठवड्यातून किती दिवस त्याच इमारतीत असणार? अडलं तर रोगी सोडून आत येणार की फोटो पाठव म्हणणार? शिकण्याचा कार्यक्रम कागदावर आहे का? उत्तर देताना मॅनेजर हसला तर निघून ये. क्लिनिकांना पीए हव्याच असतात. मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, आमच्या नावावरच्या बिलाला डॉक्टरच्या दराचे ८५ टक्के देतं आणि आमचा पगार त्या मानानं बराच कमी. हे गणित कळलं की तुला गुरू मिळतोय की मालक, तेही कळतं.

रोजचं काम? मुरुम, इसब, सोरायसिस, चामखिळी, केस गळणं, डोक्यापासून पायापर्यंत तीळ तपासणं. द्रवरूप नायट्रोजनचा फवारा दिवसातून वीसदा. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या पोटातल्या बाळाला घातक, म्हणून त्या चालू असलेल्या मुलींची दर महिन्याची प्रेग्नन्सी टेस्ट आणि सरकारनं सक्तीच्या केलेल्या पोर्टलवर नोंद. सोरायसिसचं इंजेक्शन मंजूर करून घ्यायला इन्शुरन्सशी तासन्‌तास वाद, आणि ते सुरू करण्याआधी टीबीची तपासणी. चेहऱ्यावरच्या कॅन्सरची मोज सर्जरी, म्हणजे थराथरानं कापत तो काढणं, डॉक्टर करतात. आपण घेतलेल्या तुकड्याची स्लाइड पॅथॉलॉजिस्ट वाचतो. आणि मधूनच एखादा रोगी हात मागे घेतो, ‘मला डॉक्टरांनाच दाखवायचंय.’ अशा वेळी हसून पुढची तारीख द्यायची. तारीख दोन महिन्यांनंतरची असते. नावापुढं ‘डॉ.’ लावायचं नाही, ओळख करून देताना ‘मी भारतात डॉक्टर होते’ हेही नको. रोग्याचा गोंधळ होतो आणि लायसन्स देणाऱ्या बोर्डाला ते चालत नाही.

आता तुझी जमेची बाजू, जी तू पत्रात एका ओळीत उरकलीस. आरोग्य केंद्रात आणि त्या डॉक्टरांकडे तू जी त्वचा पाहिलीस ती इथल्या पुस्तकांत कमी आहे. गोऱ्या कातडीवर जे लाल दिसतं ते आपल्या कातडीवर तपकिरी किंवा जांभळट दिसतं आणि नवख्याच्या नजरेतून सुटतं. मानेवरचा काळा, मखमली पट्टा पाहून तुला साबण नाही, रक्तातली साखर आठवेल. वांग म्हणजे काय आणि त्यावर काय फासून बाई आलेली असू शकते, हे तुला माहीत आहे.

आणि गजकर्ण! गेल्या काही वर्षांत माझ्याकडे अशी माणसं येतात की मांड्यांपासून पोटापर्यंत वेटोळी पसरलेली, कडा पुसट, मधली कातडी पातळ. बॅगेतून ट्यूब निघते, तिकडून आणलेली : क्लोबेटासॉल हे कडक स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकाच मलमात. ‘लावलं की लगेच बरं, सोडलं की दुप्पट.’ हे वाक्य तू किती वेळा ऐकलं असशील! स्टिरॉइडनं खाज दबते आणि बुरशीचं फावतं. त्यात ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशी निघाली तर टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला बऱ्याचदा दाद देत नाही. नावातच आपला देश आहे. मे २०२३ मध्ये सीडीसी या इथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं न्यूयॉर्कमधल्या दोन रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली, अमेरिकेतल्या पहिल्या म्हणून. इथले चांगले चांगले डॉक्टर ते वेटोळं पाहून इसब म्हणतात, कारण मलमानं त्याचा चेहराच बदललेला असतो. तू त्या माणसाला आधी ट्यूब दाखवायला सांगशील.

यूएसएमएलईचं स्पष्ट बोलू. त्वचेची रेसिडेन्सी ही इथल्या मुलांनाही दुष्प्राप्य. परदेशी पदवीवर दर वर्षी आत जाणारे बोटांवर मोजण्याइतके, आणि तुझ्या पदवीला बारा वर्षं झालीत. तो दरवाजा मी उघडा म्हणणार नाही. पण शेवटचा शब्द आपला असावा ही भूक मोठी असेल, तर इंटर्नल किंवा फॅमिली मेडिसिनची तीन वर्षांची रेसिडेन्सी अजून पूर्ण हाताबाहेर गेलेली नाही. मग रोज त्वचा नसेल, पण डॉक्टर असशील. पीएकडे ‘ते नाही जमलं म्हणून हे’ अशा मनानं येऊ नकोस. मुलाखतीत पहिला प्रश्न ‘डॉक्टर का नाही, पीए का?’ हाच असतो, आणि डॉक्टर होऊन आलेल्यांना तो दोनदा विचारतात. पाठ केलेलं उत्तर समोरच्याला पाच सेकंदांत कळतं.

तर उपाय. सगळं ठरवण्याआधी एक वर्ष स्किन क्लिनिकमध्ये मेडिकल असिस्टंटची नोकरी धर. हो, हेही ‘असिस्टंट’, आणि हे पीएच्या खूप खालचं काम. सासूबाईंना दोन्हीतला फरक तूच समजावून सांग. रोग्याला खोलीत बसवायचं, औषधांची यादी घ्यायची, बायॉप्सीचा ट्रे मांडायचा, डॉक्टर बोलतील ते टाइप करायचं. पगार तासावर, फारसा नाही. पण अर्जाला लागणारे तास जमतात, शिफारसपत्र मिळतं, त्याच वेळी संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी करता येते. आणि मुख्य म्हणजे पीए आणि डॉक्टर यांच्यातली ती दोरी कशी असते, ते तुला रोज तीन फुटांवरून दिसेल. निदान माहीत असून गप्प राहणं जमतं का तेही कळेल. नाही जमलं तर एक वर्ष गेलं, लाखभर डॉलर वाचले.

एक सावधगिरी मात्र आत्ताच. यात पडलीस की मंडळाच्या गणपतीत आरती संपायची खोटी, लोक बाही वर करून तीळ दाखवायला रांगेत उभे राहतात. प्रसादाच्या रांगेपेक्षा माझी रांग मोठी असते. फुकट निदान करायचं नाही, अपॉइंटमेंट घ्या म्हणायचं. मला अजून जमलेलं नाही.

आणि हो, चामखीळ एका फवाऱ्यात सहसा जात नाही. मुलाला तीन-चार आठवड्यांनी परत बोलावलं असेलच. त्या दिवशी मुलाला नवऱ्याच्या मांडीवर बसव आणि त्या पीएबाईंना विचार, एक दिवस तुमच्या मागं उभं राहून काम बघितलं तर चालेल का? नाही म्हणाल्या तर निदान एवढं विचार, की त्यांना त्वचा कुणी शिकवली.